पेरूच्या झाडाला तिसरं लागलं

शेवात महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे आमच्या पंचांगाप्रमाणे झाडांचं नवीन वर्ष. ते जानेवारीत येतं किंवा फेब्रुवारीत, आणि नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतं. त्यामुळे शेजाऱ्यांना दिवस सांगायची वेळ आली की आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमेच्या चौकोनावर बोट ठेवायचो. शेजाऱ्यांना तेवढं पुरायचं. झाडांना नवीन वर्ष कशाला लागतं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत झाली असती, कारण आमच्या घरातच त्यावर एकमत नव्हतं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून वर आलेले ज्यू. माझी आई अलिबागकडची. तिच्या माहेरी हा दिवस एलियाहू हन्नबींचा, म्हणजे एलियाहू प्रेषितांचा. नबी ह्याच दिवशी तिथल्या एका खडकावर उतरले आणि तिथूनच स्वर्गात परत गेले, अशी तिकडची श्रद्धा. म्हणून त्या दिवशी मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, सगळं कालवून ताटात त्याचा ढीग करायचा, भोवती फळं मांडायची आणि प्रार्थना झाली की सगळ्यांनी मिळून खायचं.

"झाडांचा वाढदिवस हे तुमचं नवीन," आई म्हणायची. "आमच्याकडे नबी होते. झाडं नुसती उभी असायची."

नवीन होतं हे खरं. ते मुंबईहून आलं. ऐंशीच्या सुमारास नाशिक, देवळाली आणि इगतपुरी मिळून आमच्यातली लहान मुलं सात होती, आणि त्यांना हिब्रू अक्षरं शिकवायला महिन्यातून एका रविवारी एक तरुण शिक्षक मुंबईहून यायचे. अक्षरांची प्रगती बेताची होती. पण एकदा त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद आणला. झाडांच्या नवीन वर्षाला मुलांनी काय काय करावं, ते त्यात होतं. नवीन फळ खावं. झाड लावावं. आणि बदामाच्या झाडाचं स्वागत करावं, कारण हिवाळा संपताना सगळ्यांच्या आधी बदाम फुलतो.

आमची वसाहत नाशिकच्या द्वारका चौकापलीकडे. कोपऱ्यावर बदामाचं झाड होतं. सातही मुलं धुतलेले कपडे घालून त्याच्याखाली ओळीने उभी राहिली आणि शिक्षकांनी शिकवलेलं गाणं म्हणू लागली. आपल्याकडचा देशी बदाम वेगळा, हे शिक्षकांना माहीत नव्हतं. तो जानेवारीत फुलत नाही, त्याची पानं लाल होऊन गळतात. गाणं चालू असताना ताटलीएवढं एक पान देवळालीच्या मुलीच्या डोक्यावर पडलं. मग दुसरं. झाड निम्मं उघडं झालेलं होतं.

"हा मरतोय का?" आमच्या धाकट्याने विचारलं. तो तेव्हा दोन वर्षांचा होता आणि त्याचा आवाज मोठा होता.

शिक्षक म्हणाले की प्रत्येक देशाची झाडं वेगळी असतात. त्यानंतर मुलांनी गळलेली पानं गोळा केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुढच्या वर्षांतही आमच्याकडे बदामाचं स्वागत असंच, पानगळीत झालं. मुलांना त्यात काही चुकीचं वाटायचं नाही. लाल पानं ही त्यांना फुलांपेक्षा बरी वाटत असावीत, घरी नेता येतात.

झाड लावण्याचं कलमही पाळायचं ठरलं. शेजारी एक मास्तर राहायचे. मी अंगणात खड्डा घेताना ते कुंपणापाशी आले.

"आत्ता झाड? पाऊस जूनमध्ये."

"माहीत आहे."

"मग जूनमध्ये लावा की."

"नवीन वर्ष आज आहे."

मास्तरांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "तुमच्याकडे तेव्हा पाऊस पडत असेल," असं म्हणून ते गेले. तिकडे खरंच तेव्हा पाऊस पडतो, हे मला नंतर कळलं. पण तिकडे म्हणजे इस्रायलात. आमचं तिकडे कोणी नव्हतं.

झाड पेरूचं होतं. निफाडच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आमच्या मोठ्या मुलीने स्वतः निवडलेलं, काळ्या पिशवीतलं गुटी कलम. मोठी तेव्हा पाच वर्षांची. तिने ते मातीच्या गोळ्यासकट खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली, आणि तिथून पुढे ते झाड तिचं झालं. जून येईपर्यंत भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी त्याला गेलं. बायकोने एकदा ते पाणी मोरीत ओतलं तर मोठी जेवली नाही.

दुसऱ्या वर्षी झाडाचा वाढदिवस झाला. खोडाला रिबीन बांधली, मुलांनी भोवती बसून मलिदा खाल्ला. फळ काही नव्हतं, कोणी अपेक्षाही केली नव्हती. पण त्या पावसाळ्यात झाडाला फुलं आली. बरीचशी झडली. एक राहिलं, त्याचा पेरू धरला, आणि डिसेंबरात तो लिंबाएवढा झाला. पोपटांनी खाऊ नये म्हणून मोठीने त्याला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला. रविवारच्या वर्गात तिने बाकीच्या सहा जणांना सांगून टाकलं की यंदा मलिद्याच्या ताटात तिचा पेरू असणार, बाजारातला नाही. देवळालीच्या मुलांनी विश्वास ठेवला नाही. तेव्हा तिने त्यांना घरी आणून पेरू दाखवला, लांबून, हात न लावता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण माझ्यामुळे आली.

शनिवारी संध्याकाळी मी तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतो, मराठीतून. त्यात एक नियम आहे. तुम्ही झाड लावलं तर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. हा नियम मी आधीही वाचलेला होता, पण आधी आमच्याकडे झाड नव्हतं. आणि शिक्षकांच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं की झाडांचं नवीन वर्ष मुळात ह्यासाठीच असतं, झाडाचं वय मोजता यावं म्हणून. फळांचं आणि गाण्याचं नंतरचं. मला तो सगळ्या कागदातला सर्वांत समजण्यासारखा भाग वाटला.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करत होतो. मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी मोजलं. झाड लावून दोन वर्षं होत होती. तीन नव्हे.

रात्री जेवताना मी ते सांगितलं. बायको म्हणाली, "आत्ताच सांगायचं होतं का? वरण तरी संपू द्यायचं."

मोठीने रडारड केली नाही. तिने ताटातला हात पुसला आणि बोटं पुढे केली. "लावलं तेव्हा एक. मागच्या वर्षी दोन. आता तीन. तीनदा नवीन वर्ष आलं."

"लावलं तो दिवस धरायचा नाही. तो शून्य."

"का?"

"कारण तेव्हा त्याला एक वर्ष झालेलं नव्हतं. हे बघ, तीन खांब रोवले तर मध्ये जागा किती? दोन."

"मी खांबांबद्दल बोलत नाहीये," मोठी म्हणाली. "मी जन्मले तो माझा वाढदिवस होता की नाही?"

"तो जन्मदिवस."

"तारीख तीच ना?"

आई इतका वेळ भात कालवत होती. "तिसरं लागलं म्हण ना त्याला," ती मला म्हणाली. "तुला शाळेत घातलं तेव्हा सहावं लागलं होतं, पुरं झालं नव्हतं. मास्तरांनी घेतलंच की."

"शाळेत चालतं, आई. इथे तीन पुरी लागतात."

"आमच्या वाडीत नारळ होते, सुपाऱ्या होत्या, फणस होते. कुणी कुणाचं वय विचारलं नाही. सगळे खात होतो, आणि नबी येतच होते."

मी वरण वाढून घेतलं. मग आईनेच दुसरी गोष्ट काढली. "आणि पिशवीत होतं तेव्हा काय मेलेलं होतं का ते? तिथलं वय कुठे गेलं?"

हा मुद्दा मात्र वाजवी होता. झाड मातीसकट आलेलं होतं. पिशवीत ते आधी वर्षभर जगलेलं असेल, तर दोन आणि एक, तीन. मोठी माझ्याकडे बघत होती. तिला खांबांचा हिशोब पटलेला नव्हता, पण दोन आणि एक तिला येत होते.

"नर्सरीत जाऊन विचारायचं," ती म्हणाली.

म्हणून पुढच्या रविवारी मी तिला सायकलच्या दांडीवर बसवून निफाडच्या रस्त्याला नेलं. नर्सरीवाला बाजेवर बसून ऊस खात होता. त्याने आम्हाला ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं हसला. मी सगळं व्यवस्थित सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पेरूचं गुटी कलम नेलं होतं, ते नेलं तेव्हा पिशवीत किती दिवसांचं होतं, एवढंच विचारायचं आहे.

"मेलं का?" त्याने विचारलं.

"नाही. चांगलं आहे. फळ धरलंय."

"मग तक्रार काय हाय?"

"तक्रार नाही. वय पाहिजे."

त्याने उसाचं चिपाड टाकलं. "असंल सा महिन्याचं."

मोठीचा चेहरा पडला. त्याने तो पाहिला. "न्हाय तर आठ धरा," तो म्हणाला.

"आठ महिन्यांनी होत नाही," मोठी म्हणाली.

"वर्ष धर मग, बाळ. वर्ष लय झालं का?"

"अहो, खरं किती होतं?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. मी सरकारी माणूस असेन असं त्याला वाटलं असावं. "साहेब, कलमं येत्यात, जात्यात. हितं काय जन्माचे दाखले हायत? गणपतीत भरली का आदल्या गणपतीत भरली, कोण सांगणार? तुम्हाला किती पाहिजे ते सांगा, मी तसं म्हणतो."

येताना मी हिशोब केला. विचारणाऱ्याच्या सोयीने जो बदलतो त्याला मी आकडा म्हणत नाही. आमच्या स्टोअरमध्ये ज्या मालाचा कागद नाही तो माल नाही, रॅकवर दिसत असला तरी. पिशवीतलं वय मी शून्य धरलं. घरी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं की तिथे काही कळलं नाही, बाजारातून पेरू आणून ठेव.

पंधरावीच्या दिवशी सकाळपासून घरात मुलं होती. लहान मुलांना मलिद्यात कामं असतात, ती आमच्याकडे ठरलेली. बेदाण्यांचे देठ काढणं सगळ्यांत लहानांकडे, कारण त्यांची बोटं बारीक. ह्यात जितके बेदाणे निवडले जातात त्याच्या निम्मे ताटात पोचतात, हे धरूनच आणायचे असतात. मोठ्या मुलांनी फळं धुवायची आणि त्यांचे दोन गट करायचे, झाडाची वेगळी आणि जमिनीची वेगळी, कारण दोन्हींसाठी देवाची स्तुती वेगळी म्हणायची असते. ह्यावर दरवर्षी भांडण. केळं जमिनीच्या गटात जातं. धाकटा आता चार वर्षांचा झाला होता आणि त्याला हे मान्य नव्हतं. मास्तरांच्या परसात त्याने केळीचं झाड स्वतः पाहिलेलं होतं.

"ते झाड नाही," देवळालीचा मुलगा म्हणाला.

"मग काय आहे? गाय आहे?"

मोठी ह्या सगळ्यात नव्हती. ती अंगणात झाडापाशी बसली होती. पेरू अजून फांदीवरच होता. बाकीच्या मुलांनी तिला दोनदा विचारलं, कधी तोडणार? तिने सांगितलं, "मामाआजोबा आल्यावर."

मामाआजोबा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. इगतपुरीला राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आमच्यात हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, नसल्याने ते काम त्यांच्याकडे असायचं. ते मला जावई म्हणायचे. चिडले की जावईबापू म्हणायचे. दुपारच्या गाडीने ते, मामी आणि इगतपुरीचं दुसरं कुटुंब आलं. मामांनी बूट काढायच्या आत मोठी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तीन वर्षं, तीन खांब, शून्य, आजीचं तिसरं लागलं, पिशवी. काही गाळलं नाही. मी दारात उभा होतो.

मामा खुर्चीवर बसले. "जावई, हे तुम्ही सांगितलंत हिला?"

"तोरात आहे."

"तोरात पुष्कळ आहे." मग मोठीला म्हणाले, "मातीसकट लावलंस ना? मग पिशवीतलं वय धरतात. नर्सरीवाल्याला विचारलंत का?"

"विचारलं," मोठी म्हणाली.

"काय म्हणाला?"

घरात आता सगळेच ऐकत होते. बाकीची सहा मुलं दारात येऊन थांबली होती, दोघांच्या तोंडात बेदाणे. उत्तर मी तिच्यावर सोडलं. नर्सरीत मी होतो आणि ती होती. तिने नुसतं "वर्षाचं" म्हटलं असतं तर तेही तो म्हणालाच होता, आणि पेरू ताटात गेला असता. हे तिला कळत होतं. ती बोटं मोजत नव्हती, फ्रॉकची शिवण ओढत होती.

"आधी सहा महिने म्हणाला," ती म्हणाली. "मग आठ. मग वर्ष. मग म्हणाला, तुम्हाला किती पाहिजे ते सांगा."

मामी हसल्या. मग देवळालीच्या मुलांचे आईवडील हसले. आई तर डोळे पुसायला लागली. मोठी हसली नाही. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "म्हणजे कोणालाच माहीत नाही."

"नक्की ना?" मामा म्हणाले. "कोणालाच माहीत नाही?"

"नाही."

"जावई, तुम्हाला माहीत आहे?"

"पिशवीतलं नाही," मी म्हणालो. "म्हणून तर मी शून्य धरलं."

"शून्य कशाला धरता? शून्य म्हणजे माहीत असणं झालं." मामांनी चष्मा काढला. "आमच्या क्वार्टरमागे आंबा होता. त्याचं हेच झालं होतं. मी मुंबईला जाऊन हज्जानांना विचारून आलो. ते म्हणाले, तिकडे, त्या देशात, शंका आली तरी फळ खायचं नाही. इकडे, बाहेर, खात्री असेल तरच खायचं नाही. शंका असेल तर खुशाल खा. पोरीने शंका सिद्ध करून आणली आहे. तोडा तो पेरू."

मी म्हणालो की हा हिशोब होत नाही.

"नाहीच होत," मामा म्हणाले. "हा कायदा आहे, जावईबापू."

जावईबापू म्हटल्यावर मी थांबलो. मोठीला नीट समजायला थोडा वेळ लागला. आपण हरलो आहोत असं ती समजून चालली होती. समजल्यावर ती अंगणात पळाली आणि तिच्यामागे सहाही मुलं पळाली. मच्छरदाणी सोडायला बराच वेळ लागला, कारण गाठ तिनेच मारलेली होती. पेरू आला. ताटात मलिद्याच्या भोवती खजूर, संत्री, चिकू, सफरचंद आणि केळी होती. बाजारातला पेरूही होता, तो बायकोने उचलून आत नेला. मोठीने तिचा पेरू तिथे ठेवला, देठ आपल्याकडे करून. देवळालीच्या मुलांनी तो आता जवळून पाहिला.

प्रार्थना झाली. आधी खजूर झाला. मग मामांनी पेरू माझ्या हातात दिला. नवीन फळाची स्तुती म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा. माणसं सोळा होती, नऊ मोठी आणि सात मुलं. सोळा हा आकडा कापायला सोयीचा आहे, पण पेरू लहान होता. सुरी लावली तेव्हा मोठी ओरडली, "कापायचा नाही!"

मी सुरी मागे घेतली.

"ताटात ठेवायचा होता," ती म्हणाली. "कापायचा कुठे म्हटलं होतं?"

बायको तिला जवळ घ्यायला उठली. मामा म्हणाले, "ताटात आलेलं वाटून खायचं असतं, बाळ. नुसतं बघायला ठेवायचं असेल तर झाडावर काय वाईट होता?" ह्यावर तिने बराच विचार केला. मग म्हणाली, सारखे तुकडे करा, मी बघते. मी सारखे केले. तिने दोन बदलायला लावले.

सगळ्यांनी आपापला तुकडा हातात धरला आणि एकदम तोंडात टाकला. मोठीने टाकला नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरली.

"आजी, कसा आहे?"

"गोड गं माझी बाय. साखर."

मामींनीही गोड सांगितलं. मामांना दात कमी होते, ते अजून चघळत होते. त्यांनी नुसती मान हलवली. देवळालीच्या मुलाने काहीच सांगितलं नाही, कारण त्याची आई त्याच्याकडे बघत होती. मग ती माझ्यापाशी आली.

"बाबा?"

"तुरट आहे," मी म्हणालो. "पिकला नव्हता."

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पाठ आहे. मोठीने आपला तुकडा तोंडात टाकला, दोन्ही गालांत फिरवला, डोळे बारीक करून चावला आणि गिळला. तिचं तोंड वाकडं झालं, पण तिने ते लगेच सरळ केलं.

"असणारच तुरट," ती मला म्हणाली, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "लहान आहे ना तो अजून."

मामांनी हे ऐकलं असावं, ते जवळच बसले होते. त्यांनी घसा साफ केला, पुस्तकाचं पान उलटलं आणि संत्र्यांचं ताट पुढे करायला सांगितलं.